दावा, हरकत आणि शपथ : गेमिंग व्हिडिओंतील संगीताच्या स्वामित्वहक्काचे वाद

मराठीत 'दावा' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. 'त्याने असा दावा केला' या वाक्यात त्याचा अर्थ 'ठामपणे सांगितले' एवढाच होतो. 'त्याने दावा लावला' किंवा 'दावा दाखल केला' या वाक्यांत मात्र तो दिवाणी न्यायालयातील खटल्याचा वाचक असतो. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेल्या या शब्दाचे हे दोन अर्थ व्यवहारात सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. कारण सोबतचे क्रियापद अर्थ निश्चित करून देते. परंतु जेथे क्रियापदाची सोबत सुटते, तेथे संदिग्धता उत्पन्न होते. 'तुमच्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा' अशा तऱ्हेची सूचना हे याचे ठळक उदाहरण होय.

आपण खेळत असलेल्या व्हिडिओ गेमचे चित्रण करून ते यूट्यूबसारख्या माध्यमातून प्रसिद्ध करणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे व त्यांत मराठी भाषकही आहेत. अशा चित्रणास 'गेमिंग व्हिडिओ' म्हणतात. गेममध्ये संगीत असते; ते चित्रणात येते; आणि मग त्या संगीतावर कोणीतरी हक्क सांगत असल्याची सूचना व्हिडिओच्या कर्त्यास मिळते. ती वाचताच आपल्यावर फिर्याद झाली असे समजून कोणी व्हिडिओ काढून टाकतो, तर कोणी उत्पन्नावर पाणी सोडून गप्प राहतो. वस्तुतः ही सूचना म्हणजे फिर्याद नव्हे आणि निवाडाही नव्हे. ती नेमकी काय आहे, तिच्यावर हरकत घेणे म्हणजे काय करणे, आणि या वादाच्या प्रत्येक पायरीवर शब्दांचे वजन कसे बदलत जाते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दाव्याचा कर्ता कोण?

यूट्यूबची स्थापना २००५ साली झाली व २००६ साली गूगलने ते विकत घेतले. पुढल्याच वर्षी व्हायकॉम या कंपनीने एक अब्ज डॉलरांहून अधिक भरपाई मागणारा खटला यूट्यूबवर गुदरला. तो २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. हा खटला दाखल झाला त्याच वर्षी, म्हणजे २००७ साली, 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा अस्तित्वात आली. तिचे कार्य थोडक्यात असे : हक्कधारक आपल्या ध्वनिमुद्रणांच्या नमुना-प्रती यंत्रणेकडे सोपवतात, यंत्रणा प्रत्येक नमुन्याचा, बोटाच्या ठशाप्रमाणे, एक ध्वनिठसा तयार करते, आणि नव्याने येणारा प्रत्येक व्हिडिओ या ठशांशी ताडून पाहते. ठसा जुळला की दावा आपोआप नोंदवला जातो. त्याचे परिणाम तीन प्रकारचे असू शकतात : व्हिडिओ सर्वत्र किंवा काही देशांपुरता रोखला जातो, त्यावरील जाहिरातींचे उत्पन्न दावेदाराकडे वळते, अथवा व्हिडिओ किती पाहिला जातो याची केवळ नोंद ठेवली जाते. या तिहींपैकी कोणता परिणाम व्हावा, हे दावेदाराने आधीच ठरवून ठेवलेले असते.

येथे भाषादृष्ट्या एक विलक्षण गोष्ट घडते. 'या व्हिडिओत अमक्याचे संगीत आहे' हे विधान तर झाले, पण ते कोणी केले? नमुना देणाऱ्याने हा व्हिडिओ पाहिलेला नसतो. आणि ज्या यंत्राने तो तपासला त्याला 'अमक्याचे' या षष्ठीचा अर्थ ठाऊक नसतो. यंत्र एवढेच जाणते की हा ध्वनी त्या ध्वनीसारखा आहे. दाव्यातून मात्र वाचणाऱ्यास तीन गोष्टी सांगितल्या जातात : हा ध्वनी तोच आहे, तो दावेदाराच्या मालकीचा आहे, आणि तो वापरण्याची परवानगी वापरणाऱ्याजवळ नाही. यांपैकी पहिल्या गोष्टीचीच काय ती तपासणी झालेली असते. दुसरी नमुना देणाऱ्याच्या शब्दावर गृहीत धरलेली असते. तिसरीचा विचारच झालेला नसतो.

साम्यावरून स्वामित्वाचे अनुमान करण्यात किती धोका आहे, हे दोन घटनांवरून दिसते. ऑस्ट्रेलियातील एका संगीत-तंत्रज्ञाने दहा तासांचा नुसत्या अखंड खरखरीचा व्हिडिओ यूट्यूबवर ठेवला होता. त्यावर निरनिराळ्या दावेदारांचे मिळून पाच दावे झाल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका ब्रिटिश पियानोवादकाने योहान सेबास्टियन बाख याची रचना स्वतः वाजवून फेसबुकवर ठेवली, तेव्हा तेथील अशाच यंत्रणेने ते वादन एका संगीत कंपनीच्या मालकीचे ठरवले. बाख १७५० साली निवर्तला. त्याच्या रचनेवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. वादनही वादकाचे स्वतःचेच होते. तथापि एकाच स्वरलेखावरून वाजवलेली दोन वादने कानाला सारखी वाटावीत, यात नवल ते काय?

२. एक शब्द, तीन वस्तू

या घोटाळ्याचे मूळ यंत्रापेक्षाही खोल आहे. मराठीत 'गाणे' हा एकच शब्द आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र गाणे ही एक वस्तू नव्हे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीताचे शब्द ही वाङ्मयकृती होय. चाल ही संगीतकृती होय, आणि तिच्या व्याख्येतून शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत. आणि त्या दोहोंचे मुद्रण हे ध्वनिमुद्रण या तिसऱ्याच वर्गात मोडते. तिन्हींचे स्वामी भिन्न असू शकतात, तिन्हींच्या हक्कांची मुदतही भिन्न असू शकते. मुंबईत या हक्कांचा कारभार पाहणाऱ्या दोन जुन्या संस्था याच भेदाची साक्ष देतात : १९४१ साली स्थापन झालेली पीपीएल ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळते, तर १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस शब्द व चाल यांचे.

गेमिंगच्या क्षेत्रातील 'टेट्रिस'चे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १९८९ साली निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावर आलेल्या टेट्रिसमधील सर्वपरिचित धून ही मुळात 'कोरोबेइनिकी' नावाचे रशियन लोकगीत आहे. त्याचे शब्द कवी नेक्रासोव्ह याच्या १८६१ मधील काव्यातून आलेले आहेत. चाल व शब्द दोन्ही आज सर्वांना मोकळी आहेत. परंतु गेम बॉयसाठी त्या चालीची जी संगीतरचना हिरोकाझु तानाका याने केली, ती मोकळी नाही. समजा, एखाद्या खेळाडूने ते लोकगीत स्वतः हार्मोनियमवर वाजवून आपल्या व्हिडिओस जोडले व त्यावर दावा आला, तर 'ही लोकधून आहे आणि वादन माझे आहे' हे उत्तर पुरेसे आहे. पण त्याने गेममधील ध्वनीच जसाच्या तसा घेतला असेल, तर 'ही लोकधून आहे' हे विधान खरे असूनही गैरलागू ठरते. कारण प्रश्न चालीचा नसून रचनेचा व ध्वनिमुद्रणाचा असतो. हरकती फेटाळल्या जातात त्या बऱ्याचदा अशाच ठिकाणी : उत्तर एका वस्तूविषयी असते आणि दावा दुसऱ्याच वस्तूविषयी.

३. गेमिंग व्हिडिओंची विशेष अडचण

गेमिंग व्हिडिओच्या बाबतीत आणखी एक पदर वाढतो. गेम तयार करणारी कंपनी आणि त्यातील संगीताचा स्वामी हे एकच असतील असे नाही. काही गेमचे संगीत कंपनीने स्वतःसाठी मुद्दाम करवून घेतलेले असते. काहींत बाजारात आधीच प्रसिद्ध असलेली गाणी परवाना घेऊन वापरलेली असतात. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मालिकेतील मोटारींच्या रेडिओवर लागणारी गाणी दुसऱ्या प्रकारची आहेत. या मालिकेतील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या गेममधून एप्रिल २०१८ मध्ये अनेक गाणी काढून टाकावी लागली. कारण परवान्याची मुदत संपली होती. ज्या कंपनीस स्वतःच्याच गेममध्ये एखादे गाणे कायम ठेवण्याचा अधिकार नाही, ती खेळाडूस ते गाणे प्रसिद्ध करण्याची परवानगी कोठून देणार? म्हणूनच 'आमच्या गेमचे व्हिडिओ करण्यास आमची अनुमती आहे' असे कंपनीने जाहीर केले, तरी ती अनुमती परक्या गाण्यांपर्यंत पोचत नाही. २०२० साली आलेल्या 'सायबरपंक २०७७' या गेममध्ये अशी गाणी बंद करण्याची सोयच ठेवलेली आहे.

याउलट, कंपनीचे संगीत स्वतःचे असूनही दावा येतो, असाही प्रकार घडतो. डिसेंबर २०१३ मध्ये यूट्यूबने आपल्या यंत्रणेची तपासणी मध्यस्थ संस्थांशी संलग्न असलेल्या व्हिडिओकर्त्यांपर्यंत वाढवली, तेव्हा गेमिंग व्हिडिओंवर दाव्यांचा अक्षरशः पाऊस पडला. त्या वेळी कॅपकॉम, ब्लिझर्ड, युबीसॉफ्ट यांसारख्या गेम कंपन्या स्वतःच व्हिडिओकर्त्यांच्या बाजूने पुढे आल्या. युबीसॉफ्टने केलेला खुलासा विशेष बोलका आहे. गेममधील संगीत कंपनी स्वतंत्रपणेही विकत असे. त्या विक्रीचे काम वितरकाकडे असे. आणि वितरकाने दिलेल्या नमुन्यांशी गेमिंग व्हिडिओंतील ध्वनी जुळून वितरकाच्या नावाने दावे उत्पन्न होत. म्हणजे मालकाचा एक हात जे देत होता, तेच त्याचा दुसरा हात काढून घेत होता, आणि हे मालकास ठाऊकही नव्हते.

तिसरा प्रकार योगायोगाचा आहे. समजा, पुण्यातील एखादा विद्यार्थी गेम खेळता खेळता चित्रण करीत आहे आणि खिडकीखालून जाणाऱ्या मिरवणुकीतील चित्रपटगीत त्यात मुद्रित झाले. ते गीत त्याने वापरले असे म्हणता येणार नाही. पण ध्वनिठसा जुळतोच. हक्कधारकाच्या माणसांनी हाताने नोंदवलेल्या दाव्यांबाबत यूट्यूबने २०१९ मध्ये दोन बंधने घातली : व्हिडिओतील नेमका भाग वेळेसह दाखवून द्यावा, आणि फार थोडे किंवा अनवधानाने आलेले संगीत असल्यास उत्पन्न आपल्याकडे वळवू नये. यंत्राने आपोआप नोंदवलेल्या दाव्यांना मात्र दुसरे बंधन लागू करण्यात आले नाही.

४. हरकतीच्या पायऱ्या

इंग्रजीतील 'डिस्प्यूट' या संज्ञेस मराठीत 'विवाद' म्हणण्यापेक्षा 'हरकत' म्हणणे अधिक अन्वर्थक होईल. हिंदीत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा चाळा. संगीतात ती गायकीची एक नाजूक जागा. पण मराठी कचेरीच्या भाषेत 'हरकत घेणे' म्हणजे नोंदीस विहित मुदतीत आक्षेप नोंदवणे. तलाठ्याने फेरफाराची नोंद धरली की संबंधितांस नोटीस जाते व हरकती मागवल्या जातात. नोंद झाल्याने जमिनीची मालकी सिद्ध होत नाही, हे खेड्यातील शेतकऱ्यासही माहीत असते. यंत्रणेतील दावा हा या नोंदीच्या जातीचा आहे. फरक एकच, पण तो फार मोठा आहे : फेरफारावरील हरकतीचा निर्णय महसूल अधिकारी देतो; येथे पहिल्या हरकतीचा निर्णय देतो तो स्वतः दावेदार.

हरकत नोंदवल्यावर दावेदारास तीस दिवसांची मुदत असते. त्या अवधीत तो दावा मागे घेऊ शकतो, कायम ठेवू शकतो, किंवा व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर कायदेशीर मागणी करू शकतो. त्याने काहीच केले नाही, तर दावा आपोआप गळून पडतो. दावा कायम ठेवला गेल्यास व्हिडिओकर्त्यास अपील करता येते व त्यावर दावेदारास सात दिवसांत उत्तर द्यावे लागते. व्हिडिओ रोखणाऱ्या दाव्यांच्या बाबतीत २०२२ पासून पहिली पायरी गाळून थेट अपिलाचा मार्गही खुला झाला आहे. अपील झाल्यावर मात्र दावेदारापुढे दोनच वाटा उरतात : दावा सोडणे, अथवा कायदेशीर मागणी करणे. नुसते 'माझा दावा कायम आहे' एवढे म्हणून भागत नाही. अपिलाचे खरे महत्त्व हेच आहे.

उत्पन्नाच्या दृष्टीने पाच दिवसांची मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे. दाव्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत घेतल्यास पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न वादाचा निकाल लागेपर्यंत राखून ठेवले जाते. उशीर केल्यास हरकतीच्या तारखेपासूनचेच राखले जाते.

दाव्याने व्हिडिओकर्त्याच्या खात्यास धोका पोचत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. धोका सुरू होतो तो कायदेशीर मागणी मान्य होऊन व्हिडिओ काढला गेल्यावर. तेव्हा खात्यावर एक 'स्ट्राइक' बसतो. तो नव्वद दिवस टिकतो. आणि त्या अवधीत तीन झाल्यास संपूर्ण खाते बंद होऊ शकते. ज्याचा दावा लहानसा आहे त्याने हरकत घ्यावी, पुढे अपील करावे, आणि त्यापायी सर्व काही पणास लागण्याची शक्यता पत्करावी, अशी ही रचना आहे. बहुतेक लोक गप्प राहतात, याचे कारण त्यांना आपली चूक पटलेली असते असे नव्हे. बोलण्याची किंमत गप्प राहण्यापेक्षा जास्त वाटते, हे होय.

५. हरकतीत काय लिहावे

हरकतीसाठी यूट्यूबने चार आधार दिलेले आहेत : संगीत स्वतःचे आहे, ते वापरण्याचा परवाना आहे, वापर कायद्याने मान्य केलेल्या अपवादात बसतो, अथवा संगीत सर्वांना मोकळे आहे. या चारांबाहेर जी कारणे सर्रास दिली जातात ती सर्व निष्फळ आहेत. 'मूळ गायकाचे नाव दिले आहे', 'हक्कभंगाचा हेतू नव्हता', 'गाणे दहा सेकंदांहून कमी आहे', 'गेम मी पैसे देऊन विकत घेतला आहे', या विधानांत हेतू, सौजन्य किंवा खरेदी यांचा निर्देश आहे. हक्काचा वा परवानगीचा नाही. किंबहुना 'हे संगीत गेममधलेच आहे, माझे नाही' असे लिहिणारा दाव्यातील पहिली दोन विधाने कबूल करून बसतो आणि तिसऱ्याविषयी अवाक्षरही काढत नाही.

उपयुक्त हरकत तीन प्रश्नांना क्रमाने उत्तर देते. व्हिडिओतील नेमका कोणता भाग, कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत? त्या भागातील शब्द, चाल, ध्वनिमुद्रण यांपैकी कशाविषयी वाद आहे व त्या वस्तूचा स्वामी कोण? आणि ती वापरण्याचा अधिकार कोणत्या परवानगीने, कोणत्या कलमाने किंवा कोणत्या कारणाने प्राप्त झाला? उदाहरणार्थ, 'दाव्यात दाखवलेला भाग अमुक गेमच्या मूळ संगीताचा आहे. हे संगीत गेमच्या प्रकाशकाच्या मालकीचे आहे. आणि प्रकाशकाने खेळाचे व्हिडिओ प्रसिद्ध करण्यास दिलेल्या जाहीर अनुमतीत त्याचा समावेश होतो' हे विधान दावेदारास एका निश्चित मुद्द्यावर आणून उभे करते. अर्थात प्रकाशकाची अनुमती प्रथम वाचून पाहिली पाहिजे. व्हिडिओत खेळणाऱ्याच्या स्वतःच्या निवेदनाची अपेक्षा काही प्रकाशक ठेवतात, आणि गेमचे संगीत तेवढेच वेगळे काढून प्रसिद्ध करणे ही निराळी गोष्ट ठरते.

'न्याय्य वापर' या आधाराबद्दल विशेष सावधगिरी हवी. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातील १०७ व्या कलमात वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि बाजारावरील परिणाम असे चार निकष सांगितले आहेत. त्यांत सेकंदांची कोणतीही सूट नाही. खेळाडू गेमवर भाष्य करीत असेल, तर त्याचा लाभ गेमच्या दृश्यांपुरता मागता येईल. पण पार्श्वभूमीवर वाजणाऱ्या गाण्यावर तो एक अक्षरही बोलत नसेल, तर त्या गाण्याच्या बाबतीत तो कशाचे भाष्यकार म्हणून सूट मागणार?

जेथे यांपैकी कोणतेच उत्तर देता येत नाही, तेथे हरकत न घेणेच शहाणपणाचे. तेवढा भाग कापणे, ते गाणे मूक करणे किंवा त्याजागी दुसरे संगीत घालणे, यांपैकी काही केल्यास दावा निघून जातो.

६. शपथेची व्याप्ती

कायदेशीर मागणीपासून पुढे भाषेचे स्वरूप पालटते. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले, की काही उक्ती वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. त्या उच्चारणे हीच एक कृती असते. शपथ ही अशी उक्ती होय. यंत्राचा दावा कोणाच्याही शपथेवर उभा नसतो. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कायद्यातील ५१२ व्या कलमाखाली केलेली मागणी मात्र शपथेवाचून पुरी होत नाही.

पण ही शपथ कशाकशाची? कलमाचा पाठ बारकाईने वाचला तर असे दिसते, की तक्रारदाराने तीन विधाने करावयाची असतात : वापर अनधिकृत आहे असे आपण प्रामाणिकपणे मानतो, नोटिशीतील माहिती बिनचूक आहे, आणि आपण हक्कधारकाच्या वतीने बोलण्यास अधिकृत आहो. खोट्या शपथेच्या शिक्षेचा उल्लेख वाक्यात अशा जागी आला आहे, की तो फक्त तिसऱ्या विधानास लागतो. उलटपक्षी, ज्याचा व्हिडिओ काढला गेला तो जेव्हा प्रतिनोटीस देतो, तेव्हा व्हिडिओ चुकीने किंवा गैरओळखीने काढला गेला हे मुख्य विधानच त्याला शपथेवर करावे लागते. शिवाय आपले नाव व पत्ता द्यावा लागतो आणि अमेरिकेतील न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो. व्हिडिओकर्ता अमेरिकेबाहेरचा असला तरी यातून सुटका नाही. एका वाक्यखंडाच्या स्थानामुळे दोन पक्षांच्या जोखमीत केवढा फरक पडतो, याचे याहून चांगले उदाहरण वाक्यविचाराच्या अभ्यासकास क्वचितच मिळेल. प्रतिनोटीस दिल्यावर तक्रारदाराने खटला भरला नाही, तर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत व्हिडिओ परत ठेवला जातो.

तक्रारदारावर काहीच बंधन नाही, असे मात्र नाही. जाणूनबुजून खोटी मागणी करणारा त्याच कायद्यान्वये नुकसानभरपाईस पात्र ठरतो. लेन्झ विरुद्ध युनिव्हर्सल या प्रकरणात, एका बालकाच्या नाचाच्या २९ सेकंदांच्या व्हिडिओत प्रिन्स या गायकाचे गाणे ऐकू येत होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला, की मागणी करण्यापूर्वी न्याय्य वापराचा विचार करणे तक्रारदारावर बंधनकारक आहे. गेम-संगीताच्या क्षेत्रातील प्रसंग २०२२ चा आहे. 'डेस्टिनी' या गेमच्या संगीताचे अनेक व्हिडिओ त्या वर्षी मार्चमध्ये बंजी या कंपनीच्या नावाने आलेल्या मागण्यांवरून काढले गेले. त्यांत खुद्द बंजीच्या खात्यावरील व्हिडिओही होते. मागण्या बनावट होत्या. बंजीने वॉशिंग्टन राज्यातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला; येथे 'दावा' हा शब्द त्याच्या दुसऱ्या, पूर्ण वजनाच्या अर्थाने येतो. जी व्यक्ती अधिकृत नाही तिने अधिकृत असल्याची शपथ घेतली, म्हणजे कलमातील ज्या एकमेव विधानास शिक्षेचे संरक्षण होते, नेमके तेच येथे खोटे निघाले.

७. भारतीय कायद्याची बाजू

यूट्यूबची कार्यपद्धती अमेरिकन कायद्याच्या साच्यातून निघाली असली, तरी भारतातील व्हिडिओकर्त्याचे हक्क भारतीय कायद्यावर अवलंबून असतात. २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आलेल्या भारतीय कायद्यात न्याय्य वापराचा अपवाद मोघम निकषांवर सोपवलेला नसून ५२ व्या कलमात प्रयोजने मोजून सांगितली आहेत : खाजगी उपयोग, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त इत्यादी. केवळ करमणुकीसाठी केलेला व्हिडिओ या यादीत सहजासहजी बसत नाही. म्हणून अमेरिकन निकालांचा दाखला भारतीय व्हिडिओकर्त्याने जपून द्यावा. त्याच कलमात २०१२ च्या दुरुस्तीने अशीही तरतूद केली, की लेखी तक्रारीवरून मध्यस्थाने रोखलेली सामग्री, एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश न आल्यास, पुन्हा उपलब्ध करता येते. न्यायालयात जाण्याचा भार अशा प्रकारे तक्रारदारावर पडतो. शिवाय ६० व्या कलमान्वये, हक्कभंगाची निराधार धमकी मिळालेल्या व्यक्तीस स्वतः न्यायालयात जाऊन मनाई हुकूम व भरपाई मागता येते. मात्र धमकी देणाऱ्याने यथावकाश हक्कभंगाचा दावा दाखल करून चालवल्यास हा मार्ग बंद होतो.

८. उपसंहार

यूट्यूबने प्रसिद्ध केलेल्या पहिल्या अहवालानुसार जानेवारी ते जून २०२१ या सहा महिन्यांत कंटेंट आयडीमार्फत ७२ कोटींहून अधिक दावे नोंदवले गेले. त्यांपैकी ज्यांवर हरकत घेण्यात आली, त्यांचे प्रमाण शेकडा एकाहून कमी होते. ज्या हरकती घेतल्या गेल्या, त्यांपैकी मात्र शेकडा ६० हरकतींचा निकाल व्हिडिओकर्त्यांच्या बाजूने लागला. यावरून सर्व दाव्यांपैकी शेकडा ६० चुकीचे असतात, असे अनुमान काढणे सयुक्तिक होणार नाही. कारण हरकत घेणारे बहुधा ज्यांची बाजू बळकट असते तेच असतात. पण उरलेल्या नव्याण्णव टक्क्यांचे मौन म्हणजे त्यांची संमती, हे अनुमानही तितकेच असिद्ध आहे.

'मौनं सर्वार्थसाधनम्' ही म्हण या क्षेत्रात उलटी पडते. येथे मौनाने अर्थ साधतो तो दुसऱ्याचा. सूचनेत लिहिलेला 'दावा' हे एक अर्धवट तपासलेले विधान आहे. त्यातील साम्य, स्वामित्व व परवानगी हे तीन दुवे ज्याने वेगळे करून पाहिले, त्याला आपण कोठे उभे आहोत हे कळते. मग तो हरकत घेवो की गाणे कापून टाको, त्याने केलेली निवड भीतीपोटी झालेली नसते. कायद्याच्या वादात पुष्कळदा निर्णय लागण्यापूर्वी शब्दांचाच निवाडा करावा लागतो; आणि तेवढा निवाडा करण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही.